घोडी, माशी आणि सारंगीचा गज

दफेदार आबाजी यादव. दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा कागदावर मी आधी हे नाव लिहिले. हा माणूस नसता तर लिहाव्यात अशा आठवणी माझ्याजवळ झाल्याच नसत्या.

आमचे गाव कराडच्या वर, कोयनेच्या अंगाला. घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. दफेदार घोडदळातून पेन्शन घेऊन गावी परतले तेव्हा मी मराठी तिसरीत होतो. येताना त्यांनी एक म्हातारी घोडी आणली. गावाला वाटले, आता हा घोडीवरून मिरवणार. पण ते तिच्यावर कधी बसलेच नाहीत. "तिनं लय माणसं वाहिली. आता तिचीबी पेन्शन चालू झाली," असे म्हणत. त्या घोडीपाशी मी घोटाळत असे. जनावराजवळ जाताना आधी आवाज द्यायचा, मग खांद्यावर हात ठेवायचा, तोंडाकडे एकदम हात न्यायचा नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे कॉलेजात हेच इंग्रजीतून शिकवले, तेव्हा मला ते आधीच येत होते.

मी मॅट्रिक झालो. वडिलांच्या मनात मी तलाठी व्हावे असे होते. दफेदार एके दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, "आरं, माणसाच्या डाक्टराला रोगी सांगतंय, हितं दुखतंय म्हणून. मुक्या जनावराच्या डाक्टराला कोण सांगणार? त्याला अक्कल लागती. तुझ्या पोराला ती हाय."

वडील म्हणाले, "आन लोकं म्हणतील, शिकून सवरून शेवटी ढोरामागंच गेला."

"म्हणू देत की. शिकून ढोरामागं जायला छाती लागती."

दफेदार स्वतः मला मुंबईला घेऊन गेले. अंगात पदके लावलेला जुना कोट होता. कॉलेजच्या कचेरीतला कारकून म्हणाला, उद्या या. दफेदार "जी" म्हणाले आणि तिथेच भिंतीशी ताठ उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात. दुपारपर्यंत अख्खी कचेरी अवघडून गेली आणि माझा अर्ज त्याच दिवशी घेतला गेला.

असा मी जनावरांचा डॉक्टर झालो आणि लढाईच्या काळात मिरजेच्या दवाखान्यात रुजू झालो.

लोकांना वाटते, जनावरांचा डॉक्टर म्हणजे अडलेल्या गाई सोडवणारा, मोडलेले पाय बांधणारा. ते तर आम्ही करतोच. पण खरे सांगायचे तर नोकरीतले पहिले काही पावसाळे मी मुख्यतः माश्यांशी लढलो. पेट्रोल मिळेनासे झाले होते, मोटारी झाकून ठेवलेल्या होत्या, आणि सांगली-मिरजेचा सगळा भार टांग्यांच्या घोड्यांवर आला होता. स्टेशनवर उतरणारा रोगी दवाखान्यात जायचा तो टांग्यातून. व्यापारी पेठेत जायचा तो टांग्यातून. घोडे वाढले तशी लीद वाढली आणि लिदीमागोमाग माश्या.

माशी म्हणजे एक जात नव्हे. घरात दिसते ती साधी माशी चावत नाही, पण डोळ्यांतले पाणी आणि जखमेतला ओलावा चाटत बसते. दिसायला तिच्यासारखीच पण सोंडेला सुईसारखी धार असलेली दुसरी एक असते. ती पायांना चावते. घोडा उभ्या जागी खूर आपटताना दिसला की समजावे, हिचे काम. तिसरी गोमाशी, बोटाच्या पेराएवढी. ती चावली की रक्ताचा थेंब येतो. एका घोड्याचे रक्त अर्धवट पिऊन ती दुसऱ्यावर बसते आणि सऱ्याचा, म्हणजे घोड्याला झिजवत नेणारा, ताप पसरवते. संध्याकाळ झाली की नदीकाठच्या तबेल्यांत डास आणि मुरकुटे. ती आयाळीच्या मुळाशी चावतात आणि घोडा खांबाला मान घासून घासून आयाळ घालवतो. या सगळ्यांपुढे घोड्याजवळ देवाने दिलेली दोनच हत्यारे आहेत. कातडी थरथरवणे आणि शेपूट.

आमची हत्यारे त्याहून फार मोठी नव्हती. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, करंजेल तेल, कपाळावर बांधायची सुतळीची झालर, आणि तोंडाने सांगणे, "बाबांनो, लीद उचला." शेवटचा उपाय सगळ्यांत गुणकारी होता आणि तोच कुणी करत नसे.

कुणीच करत नसे असे म्हणणे अन्यायाचे होईल. सांगलीचे हळदीचे व्यापारी भरमूअण्णा करत. हे जैन गृहस्थ. अंगाने भारदस्त, बोलायला मोकळे. ते पहिल्यांदा आले तेच मुळी अट घालून. म्हणाले, "डॉक्टर, माझ्या घोड्याला माश्या लई छळत्यात. उपाय पायजे. पर एकबी माशी मरता कामा नये."

मी म्हणालो, "अण्णा, मग अवघड आहे."

"अवघड हाय म्हणूनच तुमच्याकडं आलो नव्हं? सोपं असतं तर घरीच केलं असतं."

त्यांनी स्वतःच्या अकलेने एक उपाय आधीच करून पाहिला होता. शिंप्याकडून घोड्यासाठी मच्छरदाणी शिवून घेतली होती. पहिल्याच दिवशी घोड्याने तिची एक बाजू खाऊन टाकली. मी त्यांना समजावून सांगितले की माशी लिदीत आणि ओल्या गवतात अंडी घालते. लीद रोज सकाळी उचलून लांबच्या खड्ड्यात टाकली, मुताची जागा कोरडी ठेवली, तर ती तिथे अंडी घालणारच नाही.

अण्णांनी बराच विचार केला. "म्हंजे आपण तिला मारलं न्हाई. जागा दिली न्हाई."

"तसेच."

"मग हे चालतंय."

आणि त्यांनी ते खरोखर पाळले. लीद रोज भल्या सकाळी उचलली जाते की नाही हे बघायला स्वतः उभे राहत. महिन्याभरात त्यांचा तबेला असा झाला की आमच्या वरिष्ठांना दाखवायला मी त्यांना तिथे नेत असे. माझे सांगणे शब्दशः पाळणारे गिऱ्हाईक मला पुढे सगळ्या नोकरीत दुसरे मिळाले नाही. लढाई संपता संपता डीडीटी आली. मग तर लीद उचलायला सांगणारा मी वेडा ठरलो. फवारा मारला की झाले. काही वर्षांत माश्या त्या औषधालाही सरावल्या आणि लोक पुन्हा विचारू लागले, डॉक्टर, आता काय करायचे? मी म्हणे, लीद उचला. याची मला आजही थोडी खंत आहे आणि थोडे हसूही येते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट शेवंतीची.

शेवंती ही गणपा टांगेवाल्याची पांढरी घोडी. मिरज स्टेशनच्या अड्ड्यावर तिच्याइतकी देखणी दुसरी नव्हती. एका श्रावणात गणपा तिला घेऊन दवाखान्यात आला. मागे त्याची बायको हौसा. गणपा तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "डाक्टर, आदी ह्याला तपासा. मग घोडीला."

"का हो, यांना काय झाले?"

"घोडीचं शेपूट गाण्याला दिलंय ह्यानं! उद्या कुणी तबल्याला कातडं मागितलं तर माझं सोलून दील."

मी घोडीच्या मागे जाऊन पाहिले. शेपटीच्या दांड्यावर वीतभर खुंट राहिले होते. बाकी सगळे केस कापलेले.

गणपा हळूच म्हणाला, "आवं डाक्टर, सारंगी वाजवायच्या गजाला घोड्याच्या शेपटाचं केस लागत्यात. पांढरंच लागत्यात. लढाईपायी भाईरनं यायचं बंद झालं. दस्तगीरभाई म्हणालं, एका म्हाताऱ्या सारंगीवाल्याचा गज केसाविना पडलाय. मग मी म्हणालो, आपली शेवंती हाय की."

दस्तगीरभाई म्हणजे आमच्या दवाखान्यापासून जवळच तंबोरे आणि सारंग्या करणारे कारागीर. गणपा रोज संध्याकाळी टांगा सोडून त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसे. त्याला सा कुठला आणि रे कुठला हे कळत नव्हते. पण तारा जुळवताना ऐकायला मिळतात एवढ्यावर तो खूश असे. मिरजेत असे पुष्कळ लोक होते. दुसऱ्या कुठल्या गावी टांगेवाल्याने सारंगीसाठी घोडीचे शेपूट कापून दिले असेल असे मला वाटत नाही.

मी शेवंतीचे तोंड वळवून घेतले आणि माझे हसू गेले. डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल, दाणेदार जखम होती आणि तिच्यावर माश्यांचा घोस.

याला घोडेवाले बरसाती म्हणतात, कारण ती पावसाळ्यात फुटते आणि थंडीत सुकते. घोड्याच्या पोटात एक बारीक जंत असतो. त्याची पिल्ले लिदीतून बाहेर पडतात, लिदीतल्या माशीच्या अळीत शिरतात, आणि ती माशी मोठी होऊन ओल्या जागी बसली की तिच्या सोंडेतून तिथे उतरतात. जखम मग भरत नाही, खाजते, आणि घोडा ती घासून वाढवतो. मलम लावता येते. पण माशी पुन्हा पुन्हा बसत राहिली तर मलमाचा काही उपयोग नाही. ही जखम तर डोळ्याला लागून होती.

गणपाने विचारले, "डोळा जाईल का वो?"

"माश्या हटल्या नाहीत तर जाईल."

हौसा पदराने माश्या हाकलू लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टांग्यांची तपासणी असे. आंधळ्या किंवा उघडी जखम असलेल्या घोड्याला पितळी बिल्ला मिळत नसे आणि बिल्ल्याशिवाय टांगा जोडता येत नसे. त्यांच्याजवळ दुसरे घोडे नव्हते. आणि एका डोळ्याने आंधळी घोडी कोण घेणार आणि कातड्याशिवाय कशासाठी घेणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

मी जखम धुऊन जस्ताचे मलम लावले. झालर बांधली, तर ती शेवंतीने टांग्याच्या दांडीवर घासून तोडली आणि जखम मोठी केली. डोळ्यावर पट्टी बांधली, तर ती रस्त्यात बुजू लागली. धुरी दिली, तर डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि पाण्यावर आणखी माश्या आल्या. हौसा दिवसभर अड्ड्यावर बसून लिंबाच्या डहाळीने वारा घालायला लागली. गणपाला म्हणे, "तू गाणं ऐक. मी हितं चवरी ढाळते."

एकेका उपायाने जखम थोडी थोडी वाढतच होती. मग मी एक दिवस औषधाची पेटी बाजूला ठेवली आणि सकाळभर अड्ड्यावर नुसता बघत बसलो.

गाडी यायला अवकाश असला की टांगेवाले घोडे सोडून लिंबाखाली बांधत. तिथे सगळे घोडे जोडीजोडीने उभे होते आणि प्रत्येक जोडी उलटसुलट. एकाचे तोंड दुसऱ्याच्या शेपटीपाशी. हा शेपूट झाडतो, त्याच्या तोंडावरच्या माश्या उठतात. तो झाडतो, याच्या. तोंडापर्यंत स्वतःचे शेपूट पोचत नाही, म्हणून ही शेजारधर्माची व्यवस्था. पुस्तकात हे वाचलेले नव्हते असे नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. शेवंती मात्र एका टोकाला एकटी.

मी सिदू नावाच्या टांगेवाल्याला विचारले, "ही आधी कुणाबरोबर उभी असायची?"

"माझ्या मोतीसंगं की. दोगांचं लय गूळपीठ. पर आता मोती तिला जवळ घीना. बांधलं तर चावतोय."

"कधीपासून?"

सिदूने डोके खाजवले. "शेपूट गेलं तवापासनं."

मोतीचे काही चुकत नव्हते. शेवंती दांडा हलवायची, पण त्यावर केसच नव्हते. पंख्याचे पान गळून नुसती मूठ हलावी तसे. मोतीच्या तोंडावरच्या माश्या उठेनात, म्हणून त्याने जागा बदलली. तो गेला तसे शेवंतीच्या डोळ्यावर झाडणारे शेपूटही गेले.

मी तडक दस्तगीरभाईंच्या दुकानात गेलो. ते तंबोऱ्याच्या भोपळ्याला रंग देत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"म्हंजे डाक्टरसाब, डोळा जातोय तो माझ्या गजापायी?"

"माशीपायी जातोय. पण शेपूट हवे. केस वाढायला वर्ष तरी जाईल आणि दसरा महिन्यावर आलाय."

"ते केस तर गजावर चढले. गज गावाला गेला." मग म्हणाले, "शेपूट लावायचं असतं का?"

"तुम्ही तारा लावता. शेपूट का नाही लावायचे?"

चार दिवसांत त्यांनी घायपाताच्या तंतूंचे एक शेपूट केले. वाख धुऊन पांढराशुभ्र केलेला, विंचरलेला, वर रेशमी दोऱ्याचा असा नाजूक वेढा की त्यावर सही करावी. ते मी शेवंतीच्या खुंटांत गुंफून बांधले. सगळा अड्डा बघायला जमला. लांबून तर खऱ्याहून देखणे दिसत होते.

त्याच वेळी सांगलीच्या गाडीने भरमूअण्णा उतरले. हातात हळदीच्या नमुन्याची पिशवी. ते गणपाच्या टांग्यात बसले. गणपाने लगाम उचलला, शेवंतीने सवयीने शेपूट झाडले, आणि तो कोरडा वाख तिच्या पायांवर सळसळला. घोडीला वाटले, मागे कुणी तरी आहे. ती उधळली. मागचे सळसळणारे काही तरी तिला सोडेना, आणि ती जितकी पळे तितके ते जास्त सळसळे. अड्ड्याला दोन वळसे झाले. तिसऱ्याला गणपाने तिला भिंतीकडे घालून थांबवली. पिशवी फुटली होती. अण्णा, गणपा, टांगा आणि घोडीचा मागचा अर्धा भाग, सगळे पिवळेधमक.

मी धावत गेलो. अण्णांचे पहिले शब्द, "डॉक्टर, आदी घोडीला लागलं का बघा." आणि दुसरे, "त्या शेपटात साप भरला हुता काय?"

हौसा नवऱ्याच्या कानात म्हणाली, पण सगळ्या अड्ड्याने ऐकले. "हळद तर लागली. आता अंतरपाट तेवढा धरा."

अण्णाच आधी हसले. मग कुणालाच हसू आवरेना. हसलो नाही ते मी आणि दस्तगीरभाई. घोडीला खरचटलेही नव्हते, पण दसरा जवळ आला होता आणि आमचे शेपूट रस्त्यात पडले होते. दस्तगीरभाईंनी ते उचलले, बोटांत चोळून पाहिले.

"चूक झाली, डाक्टरसाब. केसाला केसच पायजे. पर एवढं पांढरं केस आणायचं कुठनं?"

सिदू म्हणाला, "पांढरंच पायजे असं माशीनं सांगितलंय का?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो उठला, मोतीच्या शेपटातली एक बट काढून कात्रीने कापली आणि दस्तगीरभाईंच्या हातात ठेवली. तांबडी. "ह्याचंच काम अडलंय, पयलं ह्याचंच घ्या."

मग एकेक जण उठला. कुणी काळी बट दिली, कुणी बदामी, कुणी करडी. देताना टोमणे होतेच. "गणपा, एवढ्याची सारंगी करू नगंस, गड्या." "माझ्या घोड्याचं केस हाय, उतारूला लाथ मारलं तर मी जबाबदार न्हाई." प्रत्येकाने बारीकच बट दिली, म्हणजे कुणाच्याच घोड्याचे शेपूट उघडे पडले नाही. गणपा एकेकासमोर जाऊन हात जोडत होता.

इथे मात्र मी माझे शिक्षण पुढे केले. एका घोड्याची खरूज दुसऱ्याला जाऊ नये म्हणून सगळे केस उकळून घ्यायला लावले. हौसाने अड्ड्यावरच हंडा चढवला. आणि बांधायची गाठ मी ठरवली, कारण दांड्याला दोरा आवळला तर रक्त थांबते आणि खरे शेपूटही सडते. केस खुंटांतच गुंफायचे, दांड्याला दोरा टेकू द्यायचा नाही, आणि दर चार दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचे. दस्तगीरभाई गाठ एकदा बघून शिकले आणि माझ्याहून चांगली बांधू लागले.

पाचरंगी शेपूट लावून शेवंतीला लिंबाखाली नेली. या वेळी काही सळसळले नाही. तिने एकदा झाडले, मागे वळून पाहिले, पुन्हा झाडले. सिदूने मोतीला आणले. मोतीने त्या शेपटाचा वास घेतला. पुष्कळ वेळ घेतला. त्यात त्याचे स्वतःचेही केस होते. मग त्याने फुरफुर केली, सावकाश वळला आणि आपले तोंड तिच्या शेपटापाशी ठेवून उभा राहिला. त्याचे शेपूट तिच्या डोळ्यावरून फिरले आणि माश्या उठल्या.

त्या दिवसापासून मी मलम लावत होतो आणि मोती पहारा करत होता. अण्णांनी सगळ्या अड्ड्याला लीद उचलायला लावली. ते सांगलीहून यायचे आणि आधी लिंबाखाली जाऊन बघायचे. तपासणीत काय झाले ते मी दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला, दफेदारांना कळवले. दफेदार गेल्यावर त्यांच्या नातवाने त्यांच्या ट्रंकेतले ते पत्र मला आणून दिले. आज त्याहून चांगले लिहिता येणार नाही, म्हणून तेच देतो.

मिरज
दसऱ्याचा दिवस

तीर्थरूप दफेदार आबा यांस,

बालक शंकर याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आपले पत्र पोचले. घोडीच्या डोळ्याचे काय झाले असे आपण विचारले होते. काल तपासणी झाली.

स्टेशनापुढच्या मैदानात सगळे टांगे ओळीने उभे होते. इन्स्पेक्टर प्रत्येक घोड्याचे दात, खूर आणि डोळे बघत येत होते. गणपा शेवंतीचा लगाम धरून होता आणि तो सारखा मागेपुढे ओढत होता, म्हणून लगामाच्या कड्या वाजत होत्या. हौसाबाई म्हणाल्या, "सारंगी वाजीवतोयस का?"

इन्स्पेक्टरनी डावी पापणी उचलली. जखमेच्या जागी आता नुसती गुळगुळीत गुलाबी खूण आहे. त्यांनी डोळ्यापुढे हात फिरवला. शेवंतीने डोळा मिटला, उघडला. पुन्हा फिरवला, पुन्हा मिटला. "डोळा ठीक," ते म्हणाले आणि मागे गेले. तिथे थांबले.

"हे शेपूट कुणाचं?"

सिदू म्हणाला, "आमच्या समद्यांचं हाय, साहेब."

इन्स्पेक्टरनी ओळीतल्या सगळ्या घोड्यांच्या शेपट्यांकडे पाहिले, मग त्या शेपटाकडे पाहिले. नियमांचा कागद काढून वाचला. म्हणाले, "शेपटाचा रंग कसा असावा हे यात दिलेलं नाही." आणि बिल्ला दिला.

आबा, अड्ड्यावर जो ओरडा झाला तो सांगलीपर्यंत गेला असेल. भरमूअण्णा पेढे घेऊन आले होते. पेढ्यांवर माश्या बसतील म्हणून टोपली त्यांनी फडक्याने झाकून आणली होती. दस्तगीरभाईंनी शेवंतीच्या खांद्यावर डोके टेकले. त्या म्हाताऱ्या सारंगीवाल्याचा निरोप आला आहे म्हणे, की गज फार गोड चालतो.

मी शेवटचे बघून घ्यावे म्हणून शेवंतीच्या मागून गेलो. आवाज द्यायला विसरलो नाही. तरीही तिने शेपूट झाडले ते सपकन माझ्या तोंडावर बसले आणि चष्मा धुळीत पडला. पाच रंगांचा फटका एकदम. सगळा अड्डा हसला. गाल अजून चुरचुरतो आहे.

पदवी मिळाली त्या दिवशी सभागृहात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपणही वाजवल्या. पण मला खरे सांगायचे तर त्या दिवशी डॉक्टर झाल्यासारखे वाटले नव्हते. काल चष्मा पुसताना वाटले.

सोने म्हणून आपट्याचे पान सोबत पाठवत आहे. आईला आणि वडिलांना पत्र वाचून दाखवावे. वडिलांना एवढे आवर्जून सांगावे की मी ढोरामागेच आहे आणि फार सुखात आहे.

आपला,
शंकर